नलूताईचे हेडमास्तर

नलूताई, काल तुझ्या इराचा फोन आला होता. "संजूकाका, सॅटर्डेला नदीवर जाऊ या? आईचा रॉड मी माझ्याकडे ठेवलाय. आय वाँट टू मीट हेडमास्तर."

"जाऊ या की," असं मी म्हणून बसलो आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिलो. सुजाता पोळ्या लाटत होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "इराला हेडमास्तर बघायचेत." माझी बायको सहसा शब्दांना कमी पडत नाही, तुला माहीत आहे. ती लाटणं हातात धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता रे?"

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली होती. तू मराठी शाळेत किती मुलांना शिकवलंस, तुझं गणित कसं पक्कं, पुरणपोळी कशी मऊ, सगळं बोलून झालं आणि सगळं खरंच होतं. नदीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मला बोलायला सांगितलं तर घसा बसलाय म्हणून मी टाळलं. घसा ठणठणीत होता. तुझ्याबद्दल बोलायला उठलो असतो तर गाडी नदीवर गेली असती, नदीवरून त्या माशावर आली असती, आणि त्या माशाबद्दल मी तुझ्याशी पावणेदोन वर्षं खोटं बोलत आलोय. शनिवारी इराला खरं काय ते सांगावं लागणार. त्याआधी तुला सांगावं म्हणून लिहायला बसलोय.

आपली ओळख गणपतीतली. विसर्जन झालं होतं, शाळेच्या जिममध्ये आम्ही मखर उतरवत होतो, आणि एक साठीच्या बाई सजावटीतली मोरपिसं एकेक करून पिशवीत भरत होत्या. मला वाटलं, देवघरासाठी असतील. मी मदतीला गेलो तर तू विचारलंस, "तुम्ही कुठले?" वेंगुर्ल्याचा म्हटल्यावर तुझे डोळे चमकले. "मग गळ टाकता येत असेल!" मीही बढाई मारली. म्हटलं, "आमचं अख्खं बालपण समुद्रात गेलंय." खरं तर माझं बालपण बाजारात आईमागे पिशवी धरून उभं राहण्यात गेलं. मासा हा प्रकार मी टोपलीतच पाहिलेला. पण बढाई एकदा तोंडातून गेली की परत घेता येत नाही. पुढच्या शनिवारी सकाळी सहा वाजता तू अ‍ॅशबर्नच्या आमच्या दारात गाडी घेऊन हजर.

रूट सेव्हनने डोंगर ओलांडून खाली उतरलं की शेनन्डोआ नदी दिसते, तिथे तू मला नेलंस. चाळीस मिनिटांच्या रस्त्यात मी तीनदा विचारलं, बोट कुठे आहे. बोटबिट काही नव्हतं. तू जुनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलीस, पायात बूट तसेच ठेवलेस, आधाराला हातात झाडूचा दांडा घेतलास आणि सरळ वाहत्या पाण्यात चालायला लागलीस. मी काठावर उभा. "या की वेंगुर्लेकर," असं तू ओरडलीस आणि तेच माझं नाव पडलं. माझं आडनाव वेगळं आहे हे तू पुढे सहा वर्षं कबूल केलं नाहीस.

मग तू रॉड उचललास. ताई, हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू लगेच "पुरे हं" म्हणाली असतीस. तुझ्याइतकं सुंदर काम करताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. दोरी मागे जायची, क्षणभर हवेत सरळ व्हायची आणि तुझ्या मनगटाच्या एका हालचालीने पुढे जाऊन पाण्यावर अलगद पडायची. तू ओठातल्या ओठात मोजायचीस, एक, दोन, आणि. त्या "आणि"वर हात थांबायचा. तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या बाईने आकडे कुठे वापरावेत! मी पहिल्या दिवशी गळ स्वतःच्या टोपीत अडकवला, मग झाडात, मग तुझ्या सलवारीत. तू हसली नाहीस. "समुद्रात वेगळं असेल," एवढंच म्हणालीस.

आणि आमिष म्हणून गळावर बांधायच्या त्या खोट्या माश्या! दुकानातून आणलेली एकही तुझ्या डबीत नव्हती. गणपतीच्या मोरपिसांचे धागे गळाभोवती गुंडाळून तू पोट करायचीस, जुन्या साडीच्या जरीने बांधायचीस आणि डोळ्यांच्या जागी मंगळसूत्र ओवताना उरलेले काळे मणी. नदीतल्या दगडांखाली शेवंडांची धाकटी भावंडं असतात, क्रेफिश. तळाशी हलली की तुझी माशी हुबेहूब तशी दिसायची. एकदा पिकअपवाला एक दांडगा गृहस्थ सकाळभर हात हलवत बसला होता आणि तू त्याच्या डोळ्यांदेखत पाच मासे धरून सोडलेस. शेवटी तो पाण्यातून चालत आला. "मॅम, इफ यू डोन्ट माइंड, व्हॉट आर यू यूझिंग?" तू म्हणालीस, "पीकॉक. फ्रॉम गॉड्स हाउस." त्याला काही कळलं नाही, पण त्याने टोपी काढली. तू डबीतली एक माशी त्याला देऊन टाकलीस. ती मला हवी होती.

नियम मात्र कडक. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे काढताना माशाला फाडत नाही. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवायचं नाही. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की त्या दिवशी बंद, कारण तेव्हा मासा आधीच दमलेला असतो. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, तो आपणहून शेपटी मारेपर्यंत. तेवढ्या वेळात तू त्याच्याशी बोलायचीस. "जा आता, आणि जरा डोकं वापर."

हेडमास्तर तुला दुसऱ्या वर्षी भेटले. नदीच्या मध्यावर जो सपाट खडक आहे, ज्याला तू पाट म्हणायचीस, त्याच्या मागच्या शांत पाण्यात ते राहायचे. स्मॉलमाउथ बास जातीचा मासा तसा दीड वीत मिळाला तरी लोक खूश असतात. हे अडीच वीत. तू वितीनेच मोजायचीस. लाल डोळे, खाली वळलेलं तोंड, वरच्या ओठाला डावीकडे जुनी चीर. "आमच्या शाळेचे हेडमास्तर अस्सेच बघायचे," असं तू म्हणालीस आणि ते नाव कायम झालं. तीन वर्षांत तू त्यांना चारदा धरलंस आणि चारदा सोडलंस. पाचव्यांदा मी धरलं.

पण त्याआधी आपलं भांडण सांगायला हवं, कारण ते अर्धंच राहिलं.

तू जन्मात मासा खाल्ला नव्हतास. अंडंसुद्धा केकमधलं चालवून घ्यायचीस. आणि मी माशाशिवाय चार दिवस काढले की चिडचिडा होणारा माणूस. तुझं ते धरून सोडणं मला कधी पटलं नाही. माझी आई म्हणायची, "खावच्या वस्तूवांगडा खेळूचा नाय." म्हणजे खायच्या वस्तूशी खेळ नको; भूक असेल तर मार, नसेल तर पाण्यात राहू दे. तोंडात गळ रुतवायचा, दमवायचं आणि मग वर "जा हो" म्हणायचं, ही कसली दया? तू म्हणायचीस, "मी उसना घेते आणि परत करते." आपण हे इतक्यांदा बोललो होतो की त्याचं वाक्य न् वाक्य पाठ होतं. त्या ऑगस्टमध्ये मात्र मी नवीन वाक्य घातलं. "ताई, माशाला विचारलंस का कधी?"

तू डबा उघडून मला दडपे पोहे वाढलेस, स्वतः घेतले नाहीस. लीसबर्ग गावापर्यंत नुसती गाडी चालवलीस. मग म्हणालीस, "आमचे हे गेल्यानंतर पहिलं वर्षभर मला घरात श्वास घेता यायचा नाही. पाण्यात उभं राहिलं की यायचा. मासा आला की वाटायचं, कुणीतरी पलीकडून ओढतंय. माझ्यासाठी त्याला त्रास होतो, हे खरं आहे." मी जिंकलो होतो आणि मला फार वाईट वाटलं. पण "सॉरी" काही म्हणालो नाही.

सप्टेंबरात तुझा गुडघा धरला आणि तू म्हणालीस, एकटाच जाऊन ये. मी गेलो. पाटामागे तुझीच माशी टाकली आणि रॉड असा वाकला की मी कमरेएवढ्या पाण्यात दोनदा घसरलो. काठावर आणलं तर गळ खोल घशाशी गेला होता, कल्ल्यातून रक्त येत होतं. हा आता जगत नाही, असं मला वाटलं. म्हणून घरी आणला. आणि सिंकमध्ये साफ करताना वरच्या ओठाची चीर दिसली, तेव्हा कळलं की हे हेडमास्तर.

सुजाताला मी असंच सांगितलं आणि स्वतःलाही दोन वर्षं असंच सांगत आलो. पण ताई, आता तुझ्याशी काय खोटं बोलायचं! मी नदीवरच ओळखलं होतं. ओठ पाण्याबाहेर आला तेव्हाच. रक्त येत होतं, पण थोडं. तू असतीस तर गळाची मागची बाजू कापून त्यांना धरून बसली असतीस, अर्धा तास लागला असता तरी. गळ खोल गेला कारण मी त्या दिवशी काटा दाबला नव्हता. विसरलो नव्हतो, दाबला नव्हता. तू नव्हतीस ना बघायला. आणि तो एवढा मोठा, ताजा, जिवंत मासा हातात आल्यावर मला वेंगुर्ल्याचा बाजार आठवला, आई आठवली, आणि पंचवीस वर्षं फ्रोझन बांगडा खाल्ल्याचा सगळा राग आठवला. मी दगडाने एकच घाव घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोबऱ्याचं वाटण लावलं, आमसुलं घातली, गावाहून आणलेली तिरफळं ठेचून टाकली. कालवण-भात घेऊन जेवायला बसलो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तू, काठी टेकत, हातात मला द्यायला नवीन बांधलेल्या खोट्या माश्यांची डबी. तू दारातच थांबलीस आणि दीर्घ श्वास घेतलास.

"आज काय, बांगडा?"

"हो ताई, फ्रोझन."

"वास मात्र छान येतोय." आणि तू मला डबी दिलीस, विचारलंस, "काल हेडमास्तर दिसले का?" मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर प्रत्येक शनिवारी तोच प्रश्न. तू पाटामागे पहिली दोरी टाकायचीस, वाट बघायचीस, आणि मग माझ्याकडे वळून, "मागच्या वेळी तुला तरी दिसले होते का रे?" मी नाही म्हणायचो. कधी वाटायचं, हिला ठाऊक आहे आणि ही मला संधी देतेय. कधी वाटायचं, छे, ठाऊक असतं तर ही ओरडली असती. अजून मला ठरवता आलेलं नाही. तुला ठाऊक होतं का, ताई?

मे महिन्यात हॉस्पिटलमध्ये तू उशीवरून विचारलंस तेव्हा तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. "दिसले का?" त्या वेळी मी पहिल्यांदा हो म्हणालो. म्हटलं, "दिसले ना. पाटामागेच आहेत. जाड झालेत." तू हसलीस. शेजारी इरा बसली होती, तिला म्हणालीस, "तुला संजूकाका नेईल बघायला." मी तुला बरं वाटावं म्हणून बोललो होतो. तुला बरं वाटलंही. आणि तेच खोटं आता शनिवारी सकाळी सहाला माझ्या दारात येऊन उभं राहणार आहे.

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं होतं. आज शनिवार, दुपार.

इरा तुझीच टोपी घालून आली. सत्तावीस वर्षांची पोर, मोठ्या लोकांच्या कोर्टातल्या केसेस लढवते, आणि गाडीत लहान मुलीसारखी विचारत होती, "काका, ही विल बी देअर, राइट?" मी म्हटलं, आधी नदीपर्यंत तर जाऊ. पाणी स्वच्छ होतं, गुडघ्याच्या थोडं वर. आम्ही पाटाशी पोचलो. तिने तुझा रॉड जोडला, तुझी डबी उघडली, मागच्या शांत पाण्यात नजर टाकली आणि कुजबुजत म्हणाली, "सो व्हेअर इज ही?"

मी सांगितलं. सिंकवालं नाही, नदीवरचं. काटा न दाबल्याचं, दगडाचं, फ्रोझनचं, हॉस्पिटलचं. मराठीत सुरू केलं, मध्ये इंग्लिशमध्ये गेलो, परत मराठीत आलो. माझं संपल्यावर तिने मान हलवली आणि पाण्यातून माझ्यापासून वीसेक पावलं लांब जाऊन दोरी टाकायला लागली.

तासभर ती टाकतच राहिली. मी पाटावर बसून राहिलो. तिचा हात तुझ्यासारखा नाही, घाई करतो. पण एकदा दोरी मागे गेली, थांबली, आणि तिचे ओठ हलताना मला दिसले. एक, दोन, आणि. मला तेव्हा रडू आलं. शोकसभेत आलं नव्हतं.

तिला एक मासा लागला. तळहाताएवढा. तिने रॉड काखेत धरला आणि माशाला हात लावण्याआधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले. मी काही सांगितलं नव्हतं. प्रवाहाकडे तोंड करून त्याला धरला, तो गेला. मग ती परत आली, पाटावर माझ्याशेजारी बसली, सुजाताने दिलेला डबा उघडला आणि दडप्या पोह्यांचा एक घास घेऊन म्हणाली,

"काका, वॉज इट गुड?"

मला कळेना. "काय?"

"हेडमास्तर. आय मीन, ॲज फूड. चांगला लागला?"

कोर्टात ती साक्षीदाराकडे असंच बघत असेल. खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "हो."

ती हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "आई मला रेस्टॉरंटमध्ये नेहमी विचारायची. मी फिश घेतला की विचारायची, कसा लागतो सांग ना. मी म्हणायचे, आय डोन्ट नो, आई, काइंड ऑफ लाइक चिकन. तिने चिकन पण कधी खाल्लं नव्हतं! शी वॉज सो डिसअपॉइंटेड, यार." मग जरा वेळाने म्हणाली, "तुम्ही तिला लिहिताय ना? सुजातामावशी म्हणाली मला. मग ते पण लिहा. तिला नीट सांगा कसा लागतो."

तिने मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. जाताना मात्र म्हणाली, "नेक्स्ट सॅटर्डे, सेम टाइम. आणि काटा मी चेक करणार."

तर ऐक, ताई. नदीचा मासा समुद्राच्या माशापेक्षा सौम्य असतो. त्याला मिठाची स्वतःची चव नसते, ती आपण द्यावी लागते. हेडमास्तरांचं मांस पांढरं आणि घट्ट होतं, म्हातारे असूनही चिवट अजिबात नव्हतं. बोटांनी दाबलं की पाकळी पाकळी सुटायची. आधी खोबऱ्याचा गोडवा येतो, मग आमसुलाचा आंबटपणा, आणि शेवटी तिरफळ जिभेला जरा मुंग्या आणतं. पाठीकडचं मांस जाड, पोटाकडचं मऊ आणि तेलकट. तिथे, अगदी काट्याजवळ, किंचित नदीचा वास येतो. ओल्या दगडांचा. उन्हाळ्यात तू सकाळभर पाण्यात उभी राहून परत आलीस की तुझ्या सलवारीला यायचा, तोच.

तू दारात उभी होतीस तेव्हा मी तुला आत बोलवायला हवं होतं. तू खाल्लं नसतंस, ओरडली असतीस, कदाचित कायमचं बोलणं टाकलं असतंस. पण खरं बोललो असतो आणि तू विचारलं असतंस, कसा लागतो रे, तर हे सगळं तेव्हाच सांगता आलं असतं. त्याऐवजी मी दार लावून घेतलं, परत पानावर बसलो आणि, ताई, मी दुसऱ्यांदा भात घेतला.